दुसरी ओळ ऐकेपर्यंत

नुआकशोत, सोमवार

प्रिय इसेल्मू,

'प्रिय' वाचून लगेच मिशीवरून हात फिरवू नकोस. पत्र असंच सुरू करायचं असतं, शाळेत बाईंनी तसंच शिकवलं होतं. सोडचिठ्ठी झालेल्या नवऱ्याला काय लिहायचं ते त्यांनी शिकवलं नाही, म्हणून जे येत होतं ते लिहिलं. खरं तर फोनच करणार होते. पण तुझा फोन वाजला की अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर हातातले चहाचे पेले खाली ठेवून ऐकत बसतात, आणि तूही घंटीतली ती ओळ पुरी होईपर्यंत उचलत नाहीस. मी लावला आणि कट झाला, पुन्हा लावला आणि पुन्हा कट झाला. शेवटी म्हटलं, कागद बरा. कागद वाजत नाही. चहावाल्या हादमीनच्या हाती देते आहे, त्याला वाचता येत नाही हे तुला ठाऊकच आहे.

बाजारात सगळ्यांना कळलंय की येत्या गुरुवारी देद्दा मामा साखरेचे शंकूसारखे कोन, चहा आणि कापडाचा तागा घेऊन आमच्या गल्लीतल्या गार्मीच्या घरी जाणार आहेत, तिला तुझ्यासाठी मागणी घालायला. मला त्यात काही म्हणायचं नाही. तू कुणाशीही लग्न कर, आपल्या सोडचिठ्ठीला वर्ष होऊन गेलं. पण ज्या कारणासाठी तू मागणी घालतोयस ते कारण माझ्या टेबलावर तयार झालंय. माझ्या टेबलावरून चुकीचा माल गेला तर मी गिऱ्हाइकाला परत बोलावते, तू तर जुनं गिऱ्हाईक. तेवढ्यासाठीच हे लिहिते आहे असं समज, आणि गुरुवारच्या आत शेवटपर्यंत वाच.

माझं टेबल कसं आहे हे तुला बाहेरून माहीत आहे. फोनबाजारात शिरलं की उजव्या हाताला चार्जर विकणारे, त्यांच्या पुढे फोनचे फुटके पडदे बदलणारे, आणि त्यांच्या मधे माझी छत्री, माझा लॅपटॉप, दोन स्पीकर आणि वायरींचा गुंता. गाणी कापून फोनच्या घंट्या करायच्या माझ्या कामाला तू 'गाणी कुरतडणं' म्हणायचास. उंदरासारखी गाणी कुरतडते माझी बायको, असं अतारपर्यंत सगळ्या प्रवाशांना सांगत जायचास, हे मला कळायचं. पण बाबा रे, कुरतडायलाही अक्कल लागते. गाणं असतं लांबलचक, आणि माणूस फोन उचलतो पाच-सहा सेकंदांत. त्या तेवढ्यात त्याला ते गाणं पुरं ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे. सुरुवात सुरावरून करायची नाही, गाणाऱ्याने श्वास घेतला तिथून करायची, म्हणजे फोन दचकवत नाही, हाक मारतो. शेवट असा कापायचा की पुन्हा पहिल्यापासून वाजलं तर सांधा कळू नये. आणि माणूस बघून कापायचं. मौलवीसाहेबांना नुसतं वाद्य द्यायचं, त्यात बाईचा आवाज येऊ द्यायचा नाही. सासऱ्यांसमोर उठबस असलेल्या जावयाला तर उंटाच्या घंटेशिवाय काहीच द्यायचं नाही, नाहीतर बिचारा भर बैठकीत प्रेमगीत वाजवून गाव सोडून जायचा. हे सगळं मी तुला एकदा जेवताना सांगत होते, आणि तू झोपला होतास.

आपलं कशावरून मोडलं हे आठवतं का तुला? मला सारखं आठवतं, आणि दर वेळी कारण आणखी लहान वाटतं. तू अतारहून आलास, मी म्हटलं गाडीचा सायलेन्सर नीट करून घे, साऱ्या गल्लीची झोपमोड होते. तू म्हणालास, तुला गाडीच आवडत नाही, ड्रायव्हरही आवडत नाही. मी म्हटलं, मग मी आईकडे जाते. हे काय खरंच जायला म्हणतात? जगातली कुठलीही बाई 'आईकडे जाते' म्हणते तेव्हा दारात चप्पल शोधायला जरा वेळ लावते. मीही लावला. तू बसल्या जागी म्हणालास, "जा मग." मग जावं लागलं. तू मागून कुणाला समजूत घालायला पाठवलं नाहीस, मीही निरोप धाडला नाही, आणि आपले दोघांचेही काका-मामा एकमेकांची वाट बघत बसले. शेवटी काझीसाहेबांनी कागद केला तेव्हा तेही म्हणाले, भांडण काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

मग माझ्या बहिणींनी रीतीप्रमाणे स्वागत केलं. मेंदी लावली, ढोल आणले, बकरे कापले, मला नवा मेलह्फा नेसवून मधे बसवलं आणि गल्लीभर गाड्यांचे हॉर्न वाजवत मिरवलं. सुटली बाई एकदाची, म्हणून बायका जिभा वळवून ओरडत होत्या. मी हसत होते, टाळ्या वाजवत होते. त्या गडबडीत एक सायलेन्सर फुटलेली गाडी वळणावरून हळूहळू गेली, मग फिरून आली आणि पुन्हा गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी आम्ही बायका शहराबाहेर वाळूत तंबू ठोकून उंटिणीचं दूध प्यायला जातो, तसंच मागे एका शुक्रवारी गेलो होतो. पुरुष लांब गाड्यांपाशी पत्ते खेळत होते. म्हणजे आमची वेळ झाली. तब्रा, ती दोन ओळींची प्रेमाची कविता, बायकांनी बायकांतच म्हणायची, पुरुषाच्या कानावर जाऊ द्यायची नाही, आणि दोन ओळी कुणी रचल्या हे कुणाला सांगायचं नाही, हे तुझ्या आईनेच मला नवी नवरी असताना शिकवलं होतं. जिला काही म्हणायचं असेल ती हळूच गार्मीच्या कानात गुणगुणते, आणि गार्मी मोठ्याने गाते. गार्मीचा आवाज काय सुंदर आहे हे मी तुला सांगायला नको. त्या दिवशी तिने बऱ्याच जणींचं गायलं. कुणाचा दुकानदार होता, कुणाचा शिक्षक, एकीचा तर सरकारी खात्यातला साहेब निघाला आणि आम्ही हसून हसून दूध सांडलं. आणि मग गार्मीने हे गायलं, जे आता साऱ्या शहराला पाठ आहे:

गाडी त्याची वळणावरून आली,
नमाज माझी पुन्हा पहिल्यापासून झाली.

मग कुणीतरी 'अगं बाई' म्हटलं आणि पुन्हा हशा उसळला. आपल्या तेकबेर मावशीने, जिला फोनमधलं हिरवं बटण सोडून काहीच कळत नाही, तिने नेमकं तेवढंच रेकॉर्ड करून ठेवलं होतं. कसं केलं ते तिलाही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी. म्हणाली, सालका, हे माझ्या फोनच्या घंटीला लावून दे. मी म्हटलं, मावशी, ही तब्रा आहे, ही घंटीला लावत नाहीत. ती म्हणाली, माझ्या फोनवर बायकांचेच फोन येतात. मी म्हटलं, आवाज चांगला आला नाही. ती म्हणाली, तू चांगला कर, त्यासाठीच तर तू बसलीस इथे. मी म्हटलं, लॅपटॉप बिघडलाय. तेवढ्यात लॅपटॉपवर दुसऱ्या कुणाचं गाणं वाजत होतं. मावशी माझ्याकडे अशी बघायला लागली की आणखी नाही म्हटलं असतं तर ती माझ्या नाही म्हणण्याचा अर्थ लावत बसली असती, आणि ती अर्थ लावायला बसली की संध्याकाळपर्यंत सगळ्या शहराला अर्थ कळतो. म्हणून मी गुपचूप कापून दिलं. आणि आता तुला सांगते, इतक्या वर्षांत मी इतकं चांगलं काम केलेलं नाही. वाऱ्याचा आवाज काढला, शेवटचं हसणं काढलं, आणि गार्मीच्या श्वासापासून सुरुवात केली. सांधा कुणाला सापडणार नाही.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू रंगवून सांगतोस, म्हणून खरं ऐक. मावशी बासाहेबांच्या घरी दुखवट्याला गेली. बाहेरच्या खोलीत सगळे म्हातारे बसलेले, कुराण चाललेलं, आणि मावशीचा फोन वाजला. तो होता तिच्या गाठोड्यात, किल्ल्या, तंबाखू ओढायची नळी आणि खजुरांच्या खाली. सापडेना. तब्रा पुरी झाली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा पुरी झाली. म्हातारे सगळे चटईकडे बघत बसले, जणू कुणाला ऐकूच येत नाही. शेवटी फोन थांबला तेव्हा ते आंधळे शेखसाहेब, नव्वदीचे, घसा खाकरून एवढंच म्हणाले, "पण पोरीची नमाज शेवटी पुरी झाली का?" म्हणतात, दुखवट्याच्या घरात इतकं हसू कधी ऐकलं नव्हतं. घरची मंडळीही हसली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे रांग.

मग ते ब्लूटूथने पसरलं आणि माझ्या हातात काही राहिलं नाही. आणि एक विचित्रच झालं. लोक दुसरी ओळ ऐकल्याशिवाय फोन उचलेनात. पहिली ओळ वाजते, माणूस फोन हातात धरून थांबतो, दुसरी ओळ येते, तो मान हलवतो, आणि तोवर समोरचा कंटाळून फोन ठेवतो. मासळीवाल्यांच्या मासळ्या राहिल्या, नवऱ्यांची जेवणं थंड झाली, बायका म्हणाल्या हा फोन उचलत नाही म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे. पडदे बदलणारा बुह मला म्हणाला, तू सगळा देश बहिरा करून टाकलास. आणि तुमचे ड्रायव्हर! अड्ड्यावरचा प्रत्येक जण म्हणू लागला की ती गाडी माझीच. जे महिनोन्‌महिने दाढी करत नव्हते ते रोज न्हाव्याकडे जायला लागले. निळे झगे इस्त्री झाले. शहरातलं एकही वळण असं राहिलं नाही की जिथे एखादा म्हातारा टोयोटावाला उगाच ब्रेक लावून खिडक्यांकडे बघत नव्हता. दोघांची तर मारामारी झाली, आणि एकाला पाच मुलं आहेत. मी छत्रीखाली बसून हे सगळं बघत होते. मजा वाटत होती, हे खोटं कशाला सांगू. कुणी रचलं हे कुणालाच कळणार नव्हतं, आणि त्यामुळे मी, म्हणजे आम्ही सगळ्या बायका, सुखात होतो.

आणि मग तू आलास. सोडचिठ्ठीनंतर पहिल्यांदा. इतर वेळी बाजारात दिसलास तर चार्जरवाल्यांच्या मागून वळसा घालून जायचास. त्या दिवशी सरळ आलास, सलाम केलास, माझी आई कशी आहे, मावशी कशी आहे, बाजार कसा आहे, वारा कसा आहे, सगळं विचारलंस. मी चहा मागवला. पहिला पेला आपण फुंकर घालत प्यायलो. दुसऱ्याला तू म्हणालास की ते गाणं तुझ्याही फोनवर हवंय, कारण ते तुझ्यासाठीच आहे. मी विचारलं, कशावरून? तू म्हणालास, तुमच्या गल्लीच्या वळणावरून माझ्याशिवाय कुठली गाडी जाते, आणि गार्मीचं घर अगदी वळणावर आहे. मी म्हटलं, गार्मी फक्त गाते. तू म्हणालास, इतकं मनापासून कुणी दुसऱ्याचं गात नाही. मग मी विचारू नये ते विचारलं. म्हटलं, अतारचा रस्ता उत्तरेला, तुझं घर बंदराकडे, तर मग त्या गल्लीत तू रोज संध्याकाळी वळतोस कशाला? तू पेल्यातल्या फेसाकडे बघत बसलास. आणि मग जे म्हणालास ते मला शब्दन्‌शब्द पाठ झालंय.

"सवय होती, सालका. एका घराचं दार उघडेल म्हणून वळायचो. वर्षभर उघडलं नाही. आता कुणाची तरी नमाज माझ्या गाडीने चुकते हे ऐकलं, तर बरं वाटलं बघ. माणसाने बंद दारासमोर किती दिवस हॉर्न वाजवायचा?"

तुला वाटलं असेल मला काही वाटलं नाही. मी फक्त विचारलं, सुरुवात कुठून हवी? तू म्हणालास, पहिली ओळ नको, दुसरीच दे. मी दुसरी ओळ वेगळी काढून दिली. तुझ्या फोनमध्ये भरताना माझा नंबर अजून त्यात आहे हे दिसलं, तेही जुन्याच नावाने, 'घर'. ते तू बदललं नाहीस. मी मेलह्फ्याचा पदर पुढे ओढला आणि वारा फार आहे असं म्हटलं. तिसरा पेला घेऊन तू उठलास, आणि जाता जाता म्हणालास की गुरुवारी मामा गार्मीकडे जाणार आहेत.

काल गार्मी माझ्याकडे आली होती. टेबलावर नाही, घरी. रडतही होती आणि हसतही होती, तिचं नेहमीच तसं असतं. तिचं मन रोस्सोच्या औषधदुकानातल्या त्या चष्मेवाल्या मुलावर आहे, हे तुला माहीत असायचं कारण नाही. तो यंदा परीक्षा देऊन मागणी घालणार आहे. पण तुझी गाडी, तुझे मामा, तुझ्या साखरेचे कोन दारात आले तर तिचे वडील हरखून जातील, आणि पोरगी नाही म्हणाली तर कारण विचारतील. साऱ्या शहरासमोर तू त्याच्यासाठी गायलीस, आणि आता नाही कशी म्हणतेस, असं विचारतील. तिला एकच उत्तर देता येईल, ते माझं नव्हतं, मी फक्त गायले. मग पुढचा प्रश्न येणार, कुणाचं होतं? आणि ते ती सांगणार नाही. मी तिला म्हटलं, वेडे, सांगून टाक आणि सुट. ती डोळे पुसत म्हणाली, "ताई, कानात सांगितलेलं मी तोंडाने सांगत नसते. मग तो चष्मेवाला गेला तरी चालेल." केवढीशी पोरगी, आणि केवढी पक्की. तिला जवळ घेतलं, आणि मला माझीच लाज वाटली.

तर इसेल्मू, माल परत बोलावते आहे. त्या दोन ओळी माझ्या आहेत. गार्मीच्या कानात मी गुणगुणले. संध्याकाळची नमाज मीच पढत होते, आईच्या घरात, त्या बंद दाराच्या आत, आणि तुझा तो फुटका सायलेन्सर वळणावर आला की मी कुठे होते तेच विसरून जायची आणि पहिल्यापासून सुरू करायची, रोज. कधी कधी तू फिरून परत यायचास, तेव्हा तर अल्लाने माझी कोणती नमाज मोजली असेल ते त्यालाच ठाऊक. तब्रा कुणाची हे बाईने कधी सांगायचं नसतं, ज्याच्यावर आहे त्याला तर मुळीच नाही. मी सांगते आहे, कारण तू चुकीच्या दारात थांबायला निघालायस, आणि मला ते सहन होत नाही. मला तू हवा आहेस. गुरुवारी मामांना अडवू नकोस, साखर आणि कापड घेऊन त्याच गल्लीत येऊ दे, फक्त गार्मीचं दार सोडून पुढे आमच्यापर्यंत. दार उघडं ठेवते. तू मात्र गाडी दुरुस्त करू नकोस, मला लांबून कळलं पाहिजे. तेव्हा तू 'थांब' म्हणाला असतास तर एका शब्दात भागलं असतं, आणि मला 'ये' म्हणायला एवढं पत्र लिहावं लागलं. ये.

तुझीच, आणि हे शाईने लिहिलंय, खोडता येणार नाही,
सालका